दुखणारे पाय आणि न दुखणारे पाय

पायाचे दुखणे आपल्याकडे अंगावर काढायची रीत आहे. दात ठणकला की दवाखाना, छातीत कळ आली की धावाधाव. पाऊल मात्र महिनोन् महिने दुखत राहते आणि माणूस लंगडत कामाला जात राहतो. अखेर डॉक्टरांकडे जातो तेव्हा त्याची अपेक्षा ठरलेली असते: एक्स-रे काढावा, रोगाचे नाव सांगावे आणि दुखणे थांबेल असे काहीतरी द्यावे. ही अपेक्षा चुकीची नाही, अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा कशात आहे हे सांगण्यासाठीच या पुस्तकाचा खटाटोप आहे. एका पावलात 26 हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा. त्यांना बांधून ठेवणारी लिगामेंट्स, पोटरीतून उतरून पावलात शिरणारे टेंडन, टाचेखालची चरबीची गादी, हे सारे मिळून चालताना शरीराचे पूर्ण वजन आणि धावताना त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर पावलागणिक झेलतात. पावलाची आणि घोट्याची नेहमीची दुखणी एकेक करून तपासली की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. पायावर पडणारा भार आणि तो पेलण्याची पायाची ऐपत यांचा मेळ बिघडला की दुखणे सुरू होते. उपचारही तो मेळ पुन्हा बसवण्यातच आहे. वेदना शमवणे हे त्यातले एक काम, कित्येकदा पहिले काम. पण तेवढ्यावर थांबले की दुखणे परत दारात येऊन उभे राहते.

टाचदुखी घेऊ. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेच्या आतल्या बाजूला अशी कळ येते की भिंत धरावी लागते. चार-दहा पावले टाकल्यावर ती ओसरते आणि दिवसभराच्या उभ्या कामानंतर संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याच्या आत एक जाड, चिवट पट्टा असतो, प्लांटर फॅशिया नावाचा. दुखणे त्याचे असते. बसल्या जागी एका हाताने पायाचा अंगठा वर ओढून धरावा आणि दुसऱ्या हाताचे बोट तळव्यावरून आडवे फिरवावे, ताठ झालेला पट्टा लगेच लागतो. पाऊल उचलताना अंगठा वाकतो, पट्टा ताणतो, पावलाची कमान उंचावते आणि शरीर पुढे ढकलले जाते. दिवसभरात हे हजारो वेळा घडते. एक्स-रेत बऱ्याचदा टाचेच्या हाडाला काट्यासारखे टोक दिसते आणि निदान कानावर पडते: 'हाड वाढलंय.' रुग्ण धास्तावतो, कारण वाढलेले हाड म्हणजे कापायचे हाड असे त्याला वाटते. पण असे टोक आयुष्यात कधी टाच न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेत सापडते, आणि दुखणे पूर्ण गेल्यावरही ते जागच्या जागी असते. 2003 मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या 50 रुग्णांच्या पट्ट्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा त्यांत दाह असल्याची अपेक्षित खूण मिळाली नाही. दिसली ती झिजलेल्या, विस्कटलेल्या तंतूंची. आणि आपण वर्षानुवर्षे दाहशामक गोळ्या घेत आलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग झिजलेल्या पट्ट्याचे करायचे काय? त्याला हळूहळू भार पेलायला शिकवायचे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये 48 रुग्णांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटे वर वळलेली राहतात, आणि दुखऱ्या पायावर टाच सावकाश उचलायची: वर जायला तीन सेकंद, वर दोन सेकंद थांबायचे, खाली यायला तीन सेकंद. एक दिवसाआड हा व्यायाम, आणि जमू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवायचे. तीन महिन्यांनी या रुग्णांची स्थिती नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरीच चांगली होती. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट जवळपास सारखे झाले, हेही सांगितले पाहिजे. व्यायामाने वेळ वाचतो, चमत्कार होत नाही. स्टिरॉइडचे इंजेक्शन या दोहोंपेक्षा लवकर आराम देते, पण तो आराम सहसा काही आठवड्यांचा असतो, आणि इंजेक्शने वारंवार घेतली तर पट्टा तुटण्याचा किंवा टाचेखालची गादी झिजण्याचा धोका असतो. एखादे लग्नकार्य किंवा परीक्षा तोंडावर आली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जरूर घ्यावे. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांची टाच वर्षभरात शस्त्राविना बरी होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. भार कमी करा म्हणजे विश्रांती घ्या, असेच ना? आणि विश्रांती कोणाला परवडते? बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक, वॉर्डातली नर्स, उसाच्या फडातली मजूर बाई, सकाळी साडेपाचपासून ओट्यापुढे अनवाणी उभी असलेली गृहिणी, यांना 'पायाला आराम द्या' म्हणणे ही थट्टाच आहे. पण भार म्हणजे फक्त किती तास उभे राहिलो ते नव्हे. तो कोणत्या जमिनीवर, कोणत्या पादत्राणात, सलग की खंडित, आणि मुख्य म्हणजे अचानक वाढला की सवयीने, यांवर सगळे अवलंबून असते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वावरणे आणि गुळगुळीत टाइल्सवर वावरणे यांत टाचेच्या दृष्टीने मोठा फरक आहे. स्वयंपाकघरात चप्पल नको असेल तर फक्त घरात वापरायची मऊ तळाची वेगळी जोडी ठेवावी. तेही पटत नसेल तर ओट्यापुढे जाड मॅट टाकावी. एवढ्याने कामाचे तास कमी होत नाहीत, पण टाचेचा जाच कमी होतो. उलट अचानक वाढलेल्या भाराचे उदाहरण दरवर्षी आषाढात दिसते. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वर्षभर शेतात राबणारा वारकरी ते अंतर सहज कापतो, आणि वर्षभर खुर्चीत बसून हौसेने सामील झालेला शहरी माणूस तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला फोड, सूज आणि टाच घेऊन बसतो. दोघांचा रस्ता एकच, तयारी वेगळी. निघण्याआधी दोन-अडीच महिने चालणे वाढवत नेले असते तर दुसऱ्याचाही पाय तयार झाला असता.

घोटा मुरगळणे हे वेगळ्या जातीचे दुखणे. इथे भार एका क्षणात, वाकड्या दिशेने येतो. पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणते किंवा फाटते. आपल्याकडे यावर ताबडतोब दोन उपाय होतात. एक, कोणीतरी जाणता माणूस पाय चोळून, ओढून 'बसवून' देतो. दोन, कोणी दवाखान्यात नेले तर लगेच एक्स-रे निघतो. पहिला उपाय घातक आहे, कारण हाड मोडलेले असेल तर ओढण्याने ते सरकते आणि लिगामेंट फाटलेले असेल तर चोळण्याने रक्तस्राव वाढतो. आंबेहळदीचा लेप निरुपद्रवी आहे, तो हवा तर लावावा. दुसऱ्या उपायाबद्दल कॅनडातल्या ऑटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये साधे नियम घालून दिले, आणि ते जगभर पारखले गेले आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेल्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूच्या कमानीच्या माथ्यावरच्या हाडावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. यांतले काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी.

त्यापुढचा प्रश्न विश्रांतीचा. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चौकडी अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये लोकप्रिय केली. पुढे त्यांनीच जाहीरपणे म्हटले की सततचा बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. आज शहाणा सल्ला असा: पहिले दोन-तीन दिवस सूज उतरू द्यावी, मग पट्टा किंवा ब्रेस लावून सोसेल तितका भार पायावर टाकायला सुरुवात करावी. फार मोठी इजा असेल तर दहा-बारा दिवसांचे प्लास्टर उपयोगी ठरते, सहा आठवड्यांचे क्वचितच. मात्र वेदना गेली की माणूस इथेच थांबतो, आणि सगळी चूक इथेच होते. घोटा मुरगळण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे तो पूर्वी एकदा मुरगळलेला असणे. लिगामेंट फाटते तेव्हा पाऊल कुठे, कसे वळले आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणाही ढिली पडते, आणि ती आपोआप सुधारत नाही. दात घासताना एका पायावर उभे राहावे. जमले की डोळे मिटून, शेजारी भिंत ठेवून. हा फुकटचा व्यायाम काही आठवडे केला तर पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते असे खेळाडूंवरच्या अनेक चाचण्यांत दिसले आहे.

दुखऱ्या भागावर मुद्दाम भार टाकायचा, हे ऐकायला उफराटे वाटते. टाचेमागच्या जाड टेंडनच्या बाबतीत ते 1998 मध्ये स्वीडनच्या होकन आल्फ्रेडसन यांनी दाखवून दिले. ऑपरेशनच्या यादीत असलेल्या पंधरा हौशी धावपटूंना त्यांनी पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, आणि थोडे दुखले तरी थांबायचे नाही अशी अट घातली. सगळे पंधराही जण पुन्हा धावू लागले. संख्या लहान आहे आणि नंतरच्या अभ्यासांत यश इतके सरसकट दिसलेले नाही. तरीही त्या प्रयोगाने या दुखण्याच्या उपचाराची दिशा बदलली. अर्थात टेंडन मुळात तुटलेच असेल तर गोष्ट वेगळी. धावताना किंवा उडी मारताना मागून कोणी लाथ घातल्यासारखे वाटले, 'फट्' आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असताना टाचेमागे दुखू लागले तरी डॉक्टरांना लगेच कळवावे; ही औषधे क्वचित टेंडन कमकुवत करतात.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: आमचे वाडवडील अनवाणी हिंडले, त्यांना कुठे आले होते हे चोचले? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला आपल्याच देशातला पुरावा आहे. 1992 मध्ये राव आणि जोसेफ या दोन अस्थिशल्यचिकित्सकांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 भारतीय मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट तळव्याचे प्रमाण 8.6 टक्के निघाले, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. बोटे पुढून बंद करणारी पादत्राणे सर्वांत वाईट ठरली. लहान पावलाला मोकळेपणा लागतो, हे यावरून मान्य करावेच लागते. पण त्याच मापाने हेही मान्य करावे लागते की न दुखणारा, टाचा उचलल्यावर कमान दाखवणारा सपाट तळवा हा रोगच नाही. पोलीस किंवा सैन्य भरतीत तो आडवा येतो म्हणून आईबाप मुलाला लहानपणापासून खास बूट घालतात. अशा बुटांनी कमान तयार होत नाही, हे 1989 मध्येच अमेरिकेतल्या तीन वर्षे चाललेल्या चाचणीत स्पष्ट झाले. पैसे वाचवावेत आणि मुलाला मातीत खेळू द्यावे. मोठ्या माणसांसाठी मात्र अनवाणीपणाचा पुरस्कार तसाच्या तसा लागू होत नाही. वाडवडिलांची जमीन वेगळी होती, वजन वेगळे होते आणि त्यांच्यापैकी ज्यांचे पाय काटा कुजून गेले त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. कोल्हापुरीचेच बघा: बोटे मोकळी ठेवणारी, चवड्याला जागा देणारी ती चप्पल निमुळत्या बुटापेक्षा कितीतरी बरी, पण टाच दुखत असताना तिचा कडक तळ काही कामाचा नाही. पादत्राण घेताना कागदावर उभे राहून पावलाची कड पेन्सिलीने काढावी आणि त्यावर बूट ठेवून पाहावा. रेषा बुटाबाहेर जात असेल तर अंगठा आत वळणे आणि बोटांवर कुरूप येणे हे भविष्य तिथेच लिहिलेले असते, आनुवंशिकतेचा वाटा धरूनही. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाऊल थोडे सुजलेले असते.

किरकोळ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या तक्रारींवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत, इथे फक्त उल्लेख करतो: भेगांवर कोकणात पूर्वापार लावले जाणारे कोकमाचे तेल खरोखर उपयोगी आहे, पावसाळ्यातल्या चिखल्यांना मलमाइतकीच बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवण्याची गरज असते, आणि नखुरडे टाळायचे तर नखे कोपऱ्यात खोल न कापता सरळ कापावीत.

आता मूळ मुद्द्याची दुसरी बाजू. वेदना जर भाराची खबर देते, तर ती खबर देणारी तारच तुटल्यावर काय होते? याचे उत्तर शोधले गेले ते भारतात. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायाची बोटे आपोआप झडतात, असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की मांस सडके नसते. बधिर झालेल्या हातापायांना भाजल्याचे, कापल्याचे, खुपल्याचे कळत नाही म्हणून ती इजा होऊन नष्ट होतात. रुग्ण झोपेत असताना उंदीर बोटे कुरतडत आणि त्याला जाग येत नसे. मग रुग्णांना सोबत मांजर दिले जाऊ लागले. पायाच्या जखमांमागचे कारण आणखी सूक्ष्म निघाले. निरोगी माणूस लांबवर चालू लागला की नकळत चाल बदलतो, भार टाचेवरून बाजूला, बाजूवरून चवड्याकडे सरकवतो, कारण थकलेला भाग कुरकुर करतो. बधिर पाऊल अशी फेरफार करत नाही. हजारो पावले नेमकी एकाच जागी पडतात आणि तिथे व्रण होतो. पुढे अमेरिकेतल्या कारव्हिल इथे ब्रँड आणि सहकाऱ्यांनी दाब जास्त झाला की इशारा देणारी कृत्रिम यंत्रणा करून पाहिली. आवाजाकडे रुग्णांनी दुर्लक्ष केले. विजेचा झटका जोडला तर काम अडू नये म्हणून ती बंद करून टाकली. खऱ्या वेदनेला बटण नसते, हीच तिची किंमत.

वर्ध्याजवळच्या दत्तपूरपासून वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत कुष्ठसेवेची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाची चप्पल परकी नाही. तीच समज आज मधुमेह्यांसाठी हवी आहे, कारण आकडे हादरवणारे आहेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायांच्या संवेदना मंदावतात. असा माणूस दुपारी तापलेल्या देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालतो आणि घरी आल्यावर मोज्याला लागलेले पाणी पाहून त्याला भाजल्याचे कळते. कुरूप काढायला दुकानातून आणलेली औषधी पट्टी त्याच्या कातडीला भोक पाडते. गरम पाण्यात पाय शेकणे हा त्याच्यासाठी आराम नसून जोखीम असते. एक पाऊल अचानक सुजले, दुसऱ्यापेक्षा गरम लागू लागले आणि तरी फारसे दुखत नसेल, तर आतली हाडे कोसळू लागलेली असू शकतात. अशा पायावर एक दिवसही चालू नये. मधुमेहात पाय कापावा लागतो त्या बहुतांश प्रसंगांची सुरुवात एका लहानशा, न दुखणाऱ्या व्रणाने झालेली असते. त्या व्रणावर मलमे आणि अँटिबायोटिक्स यांच्या जोडीला सर्वांत प्रभावी उपाय पुन्हा तोच, भार काढून घेणे; आणि त्यासाठी काढता न येणारे प्लास्टर सर्वांत चांगले, कारण काढता येणारे माणूस काढून ठेवतो.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांकडून येईल: असे पुस्तक वाचून लोक घरीच उपचार करत बसतील. काही जण बसतील. पण आजही ते बसतातच, फक्त चुकीचे उपचार करत. दुखापतीनंतर पाय टेकवत नसेल, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, ताप असेल, पाऊल थंड किंवा काळेनिळे पडत असेल, एकाच पोटरीला सूज आणि दुखरेपणा आला असेल, किंवा मूल विनाकारण लंगडत असेल, तर पुस्तक मिटून दवाखाना गाठावा, हे प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी ठळक छापले आहे.

वाचकांना एकच विनंती. घरात कोणाला मधुमेह असेल तर प्रकरणे क्रमाने वाचू नका. बधिर पायांवरचे शेवटचे प्रकरण आधी वाचा. त्यातली चाचणी आजच करा: त्या व्यक्तीला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला बोटाच्या टोकाने सेकंदभर अलगद स्पर्श करा, दाबू नका. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणचा स्पर्श कळला नाही, तर पाय दुखत नसला तरी या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.